होरा : तासातून उगवलेला भविष्याचा शब्द

निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कुठे ना कुठे छापून येतेच, की राजकीय निरीक्षकांचे होरे चुकले. पावसाबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल, सोन्याच्या दराबद्दल जाणकारांचा होरा काय आहे, हेही आपण वाचतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो परका असेल अशी शंकाही येत नाही. पुढे काय घडणार याचे आधीच बांधलेले अनुमान, एवढा त्याचा आजचा अर्थ. परंतु या शब्दाच्या उगमाचा भविष्याशी काडीचाही संबंध नव्हता. तो ऋतूचा शब्द होता, मग तासाचा झाला, मग क्षितिजावर उगवणाऱ्या राशीचा, मग एका संपूर्ण शास्त्राचा, आणि शेवटी मराठी वर्तमानपत्रांतला अंदाजाचा. भविष्यवाचक मराठी शब्दांमध्ये एवढा लांबचा पल्ला गाठलेला दुसरा शब्द मला तरी माहीत नाही.

भविष्याचे शब्द मराठीत कमी नाहीत. भाकीत आणि भाकणूक हे ‘भाकणे’ या क्रियापदाचे. त्यांत बोलणे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात, तेव्हा हजारो धनगर ती कान देऊन ऐकतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे घटाभोवतीच्या धान्यांवरून पीकपाण्याचे भाकीत केले जाते. शकुनात पाहणे आहे, चाहुलीत ऐकणे आहे. होऱ्यात मात्र मोजणे आहे, आणि म्हणूनच त्याची कथा निराळी आहे.

मूळ शब्द ग्रीक. ‘होरा’ म्हणजे ऋतू, योग्य समय, बहराचा काळ. होमरच्या महाकाव्यात होराई या देवता स्वर्गाच्या ढगांचे दरवाजे उघडतात आणि मिटतात. हेसिअडने त्या तिघींना झ्यूस आणि थेमिस यांच्या कन्या म्हटले असून सुव्यवस्था, न्याय आणि शांती अशी त्यांची रूपे सांगितली आहेत. ऋतू वेळेवर आले तर समाजाचे व्यवहार सुरळीत चालतात, ही जाण त्या नावांत दिसते. याच शब्दकुळात अवेस्तातला ‘यार’ म्हणजे वर्ष येतो, जर्मनमधला ‘यार’ येतो, इंग्रजीतला ‘इयर’ही येतो. म्हणजे इंग्रजीतले ‘इयर’ आणि ‘अवर’ हे दोन्ही शब्द एकाच मुळाच्या दोन फांद्या. पहिली थेट वाढलेली, दुसरी ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच अशा वाटेने आलेली.

ऋतू सांगणारा शब्द दिवसाच्या बारीक भागाला कसा लागला? दिवसाचे बारा भाग ग्रीकांनी बाबिलोनच्या लोकांकडून घेतले, असे हिरोडोटसने इसवी सनपूर्व पाचव्या शतकात लिहून ठेवले आहे. रात्रीच्या बारा भागांचा उगम इजिप्तमध्ये सापडतो. तिथे छत्तीस तारकासमूह ठरवलेले होते आणि ते एकामागून एक उगवताना पाहून पुजारी रात्र किती सरली हे ओळखत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतल्या बाजूने या ताऱ्यांची कोष्टके रंगवलेली आढळतात. मृताला परलोकातही वेळ कळावी म्हणून. दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा मिळून चोवीस झाले, आणि त्या प्रत्येक भागाला ग्रीकांनी आपला जुना ऋतूचा शब्द दिला. वर्षाचा ठरलेला भाग तो ऋतू, तसा दिवसाचा ठरलेला भाग तो होरा.

येथवर भविष्याचे नाव नाही. ते आले जन्मवेळेबरोबर. बाळ जन्मले त्या क्षणी पूर्व क्षितिजावर राशिचक्राचा कोणता बिंदू उगवत होता, हे पाहणाऱ्याला आणि पुढे त्या बिंदूलाही ग्रीक भाषेत ‘होरोस्कोपोस’ म्हणजे तास पाहणारा असे नाव पडले. आपण ज्याला लग्न म्हणतो तोच हा बिंदू. इंग्रजीतला ‘हॉरोस्कोप’ तिथून आला. संस्कृतात त्या जोडशब्दाचा पहिला भाग तेवढा टिकला आणि त्याने सगळा अर्थ आपल्या खांद्यावर घेतला.

संस्कृत ज्योतिषात होरा शब्दाचे निदान चार अर्थ एकाच वेळी नांदतात. अहोरात्राचा चोविसावा भाग म्हणजे होरा. उगवते लग्न म्हणजे होरा. राशीचा अर्धा भाग, पंधरा अंश, म्हणजेही होरा. आणि जन्मपत्रिकेवरून फल सांगणारी शास्त्राची शाखा म्हणजे होराशास्त्र. गणित, होरा आणि संहिता हे ज्योतिषाचे तीन स्कंध. वरवर हा गोंधळ वाटतो, पण तो गोंधळ नाही. एका अहोरात्रात बाराही राशी क्षितिजावर उगवून जातात. म्हणजे अर्ध्या राशीला उगवायला सरासरी एक तास लागतो. काळाचा चोविसावा भाग आणि आकाशाचा चोविसावा भाग यांना म्हणूनच एक नाव मिळाले.

वराहमिहिराला हा शब्द खटकला असावा. उज्जैनीच्या परिसरातला हा सहाव्या शतकातला पंडित. त्याच्या पंचसिद्धान्तिकेतल्या गणिताचा आरंभ शके ४२७, म्हणजे इसवी सन ५०५ चा आहे. बृहज्जातकाच्या पहिल्याच अध्यायात तो या शब्दाची व्युत्पत्ती देतो: ‘अहोरात्र’ या शब्दातले पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की उरतो तो ‘होरा’, असे काही जण मानतात. किती देखणी युक्ती आहे! अर्थ जुळतो, अक्षरे जुळतात, परका शब्द घरचा होतो. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ती टिकत नाही, कारण शब्दाची दोन्ही टोके अशी छाटण्याची रीत संस्कृतात नाही आणि ग्रीक शब्द याच अर्थाने आधीपासून हजर आहे. पण वराहमिहिराने ‘काही जण मानतात’ एवढेच म्हटले, स्वतःच्या नावावर ती व्युत्पत्ती घेतली नाही. हा सावधपणा मला फार मोलाचा वाटतो. याच वराहमिहिराने बृहत्संहितेत यवनांविषयी मोकळेपणाने लिहिले आहे, की ते म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे चांगले रुजलेले आहे आणि म्हणून ते ऋषींप्रमाणे पूज्य ठरतात. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक. ‘आयोनिया’ या नावावरून आलेला शब्द.

आता या शब्दातले खरे आश्चर्य. रविवारनंतर सोमवार, सोमवारनंतर मंगळवार, हा क्रम कुठून आला? आकाशात तर ग्रह या क्रमाने नाहीत. प्राचीनांनी ग्रहांचा क्रम लावला तो गतीवरून. सर्वांत मंद शनी, मग गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि सर्वांत शीघ्र चंद्र. वारांच्या नावांशी हा क्रम जुळत नाही. कोडे सुटते ते होरांच्या हिशोबाने.

दिवसाच्या प्रत्येक होरेला एक ग्रह अधिपती द्या, शनीपासून सुरू करून याच क्रमाने. ज्या दिवसाची पहिली होरा शनीची, तो शनिवार. सात ग्रह संपले की आठवी होरा पुन्हा शनीची, मग पंधरावी, मग बाविसावी. तेविसावी गुरूची, चोविसावी मंगळाची. दिवस संपला. पुढच्या सूर्योदयाची पहिली होरा येते सूर्याकडे, म्हणून तो रविवार. त्या दिवशीही असेच मोजा: बाविसावी सूर्याची, तेविसावी शुक्राची, चोविसावी बुधाची, आणि दुसऱ्या दिवसाची पहिली चंद्राची. म्हणून सोमवार. मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र, आणि पुन्हा शनी. चोविसाला सातांनी भागल्यावर उरणारे तीन, एवढ्या बाकीवर साऱ्या जगाचे आठवडे चालले आहेत. वाचकाने एकदा कागदावर हे मांडून पाहावे. पाच मिनिटे पुरतात.

हाच हिशोब आपल्या जुन्या कालमापनाने करून पाहिला तर आणखी एक गोष्ट उघड होते. आपल्याकडे अहोरात्राच्या साठ घटी. साठाला सातांनी भागले तर बाकी चार. त्या हिशोबाने शनिवारनंतर शुक्रवार आला असता, शुक्रवारनंतर गुरुवार, म्हणजे आठवडा उलटा फिरला असता. वेदांगज्योतिषात अहोरात्राचे तीस मुहूर्त आहेत. तिसाची बाकी दोन, म्हणजे शनिवारनंतर मंगळवार आणि त्यानंतर शुक्रवार. वार आज आहेत त्या क्रमाने यायचे तर या मापांपैकी दिवसाचे चोवीस भागच हवेत. वारांची व्यवस्था होरेबरोबर जन्मली आणि होरेबरोबरच इकडे आली, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही.

आर्यभटाने हे नेमके सांगितले आहे. इसवी सन ४९९ मध्ये तो तेवीस वर्षांचा होता. आर्यभटीयाच्या कालक्रियापादात शनीपासून पुढे शीघ्रतेच्या क्रमाने सात होराधिपती देऊन, त्यातला चौथा चौथा ग्रह सूर्योदयापासून दिवसाचा स्वामी होतो, असा नियम त्याने एका श्लोकात बांधला. तिकडे रोमन जगात तिसऱ्या शतकाच्या आरंभी कॅसियस डिओ या इतिहासकाराने वारांच्या नावांची हीच उपपत्ती दिली. पाँपेईच्या भिंतींवर तर ग्रहांच्या नावाचे वार खरडलेले सापडले आहेत, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले.

भारतात कालनिश्चिती झालेल्या कोरीव लेखात वार प्रथम दिसतो तो मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यातील एरण येथे. मातृविष्णू आणि धन्यविष्णू या बंधूंनी बुधगुप्ताच्या काळी उभारलेल्या ध्वजस्तंभावर गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा, म्हणजे बृहस्पतीचा दिवस, असे कोरलेले आहे. हा दिवस इसवी सन ४८४ च्या २१ जूनला येतो, आणि गणिताने तो गुरुवारच निघतो. एका वाराचा उल्लेख म्हणून ही गोष्ट लहान वाटेल. पण गुप्त संवताचा आरंभ कधी, हा वाद शंभरावर वर्षांपूर्वी जोरात होता. तिथी आणि वार दोन्ही दिलेले असले की गणिताने पडताळा घेता येतो. नुसत्या तिथीने तो इतका पक्का होत नाही. जॉन फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्तकालीन लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यासाठी हे पडताळे करून दिले ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी. दापोलीजवळच्या मुरूड गावात १८५३ मध्ये जन्मलेला, शिक्षकाची नोकरी करणारा हा माणूस. त्यांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि त्यात वार कुठले, राशी कुठल्या, होरा कुठली, या प्रश्नांना अभिनिवेश बाजूला ठेवून हात घातला. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, ते गेले. आयुष्य पंचेचाळीस वर्षांचेही पुरते नव्हते.

ग्रीक होरा संस्कृतात आणणाऱ्यांपैकी एकाचे नाव आपल्याला ठाऊक आहे: स्फुजिध्वज. त्याचा ‘यवनजातक’ हा ग्रंथ नेपाळमधल्या ताडपत्रांवर टिकला. डेव्हिड पिंग्री यांनी तो १९७८ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. यवनेश्वर नावाच्या माणसाने इसवी सन १४९-१५० मध्ये पश्चिम क्षत्रपांच्या राज्यात ग्रीक ग्रंथाचे संस्कृत गद्य भाषांतर केले आणि स्फुजिध्वजाने २६९-२७० मध्ये त्याला श्लोकरूप दिले, असे पिंग्रींचे मत होते. २०१३ मध्ये बिल मॅक यांनी हस्तलिखिते पुन्हा ताडून, ही वर्षे ज्या श्लोकांवरून काढली त्यांचे वाचन पक्के नाही हे दाखवले. तेव्हा ग्रंथाचा काळ आज खुला प्रश्न आहे. आशय ग्रीक जातकाचा आहे, यात मात्र वाद नाही.

स्फुजिध्वज हे नाव वाचले की मला कार्ल्याचे चैत्यगृह आठवते. तिथल्या खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचे नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचा दानलेख आहे. कल्याण, सोपारा आणि चौल ही बंदरे, पैठण आणि तेर या बाजारपेठा पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेत नोंदवलेल्या आहेत. नाव भारतीय, धर्म भारतीय, आणि स्वतःची ओळख मात्र यवन, अशी माणसे या भूमीत व्यापार करत होती, लेण्यांना खांब देत होती. अशाच लोकांच्या संगतीत होरा शब्द मुरला असणार.

तो एकटा आला नाही. केंद्र हा शब्द घ्या. केंद्र सरकार, परीक्षा केंद्र, केंद्रप्रमुख. याच्याइतका सरकारमान्य शब्द शोधून सापडणार नाही. तो ग्रीक ‘केंत्रॉन’, म्हणजे अणकुचीदार टोक, कर्कटकाचा रोवलेला पाय. पत्रिकेतल्या चार मुख्य स्थानांना केंद्र म्हणतात तेही तिथूनच. द्रेष्काण, म्हणजे राशीचा तिसरा हिस्सा, हा ‘देकानोस’. त्यात ग्रीक दहा आहे आणि त्याच्या मागे इजिप्तचे ते छत्तीस तारकासमूह आहेत. पणफर, आपोक्लिम, हिबुक, सुनफा, अनफा हे सगळे ग्रीकच. बृहज्जातकात राशींची क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक अशीही नावे येतात. सप्तम स्थानाला जामित्र म्हणतात, तो ‘डायामेट्रोस’, म्हणजे व्यास. लग्नाच्या बरोबर समोरचे घर. कालिदासाने कुमारसंभवात पार्वतीच्या विवाहाचा मुहूर्त सांगताना हाच शब्द वापरला आहे. शिवपार्वतीच्या लग्नाला ग्रीक भूमितीतला शब्द चालला, आणि कवीला त्यात काही विसंगत वाटले नाही.

होरेची दुसरी शाखा गोव्यात उतरली. लॅटिन ‘होरा’ पोर्तुगीजमध्ये ‘ओरा’ असा उच्चारला जाऊ लागला आणि सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांबरोबर तो कोकणीत आला. आजही गोव्यात किती वाजले हे विचारताना ‘कितलीं वरां जालीं’ असे म्हणतात. ही वरां म्हणजे होराच. सिंधुदुर्गातला माणूस पंचांगात गुरूची होरा पाहतो आणि तेरेखोलची खाडी ओलांडून गेला की दुकानदार त्याला वरां सांगतो. एकच शब्द, हजारभर वर्षांच्या अंतराने, दोन निरनिराळ्या समुद्रवाटांनी एकाच किनाऱ्याला लागला.

मराठीत तर त्याचे लिंगही दुभंगले. पंचांगात ती होरा. संस्कृताप्रमाणे स्त्रीलिंगी, मोजलेली, कोष्टकात बसवलेली. वर्तमानपत्रात तो होरा, अनेकवचनी होरे. पुल्लिंगी, अंदाजाचा, चुकणारा. आणि दिवसाचा चोविसावा भाग सांगायला आपण तिसराच शब्द पसंत केला, तो म्हणजे तास. त्यामुळे होरा शब्दातून वेळ जवळजवळ गळून गेली आणि उरले ते भविष्य.

मग होऱ्याने भविष्य कळते का? हा प्रश्न पुण्यात एकदा रीतसर तपासला गेला. २००८ मध्ये जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या पत्रिका मांडल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ज्योतिषांना ओळखायला सांगितले. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी पन्नासच्या आसपास बरोबर आली असती. जातकातल्या फलिताबद्दल माझे मत या निष्कर्षाहून वेगळे नाही. पण फलित खोटे ठरले म्हणून होरेचे गणित खोटे ठरत नाही. चोविसाला सातांनी भागल्यावर तीनच उरतात, आणि एरणचा तो गुरुवार आजही गुरुवारच निघतो.

म्हणून मला वाटते, वर्तमानपत्रांनी या शब्दाला दिलेला नवा अर्थ हाच त्याच्या मूळ स्वभावाला अधिक शोभतो. हाती असलेली मापे घेऊन बांधलेले, पडताळता येणारे आणि चुकले तर चुकले असे म्हणता येणारे अनुमान, याला होरा म्हणावे. ज्यांना या विषयात आणखी खोल जायचे आहे त्यांनी दीक्षितांचा ग्रंथ जरूर मिळवावा. त्याच्या इंग्रजी भाषांतराचे दोन भाग १९६९ आणि १९८१ मध्ये निघाले आणि देशोदेशीचे अभ्यासक ते वापरतात. आपल्याला तो मूळ मराठीतच वाचता येतो.